नाताळ, नातं आणि 'पेगन'

पुण्याच्या लष्कर भागातल्या एका ताईंनी विचारलंय: "आमच्या चर्चमधल्या तरुण मंडळात एक मुलगा सांगतो की नाताळचं मूळ पेगन आहे, तेव्हा ख्रिस्ती माणसानं तो पाळूच नये. चांदणी नको, झाड नको, करंज्या-चकल्यांचा फराळही नको. घरात वाद पेटलाय. 'पेगन'ला मराठीत काय म्हणायचं, मूर्तिपूजक? आणि तो म्हणतो ते बरोबर आहे का?"

मूर्तिपूजक? नाही, नाही आणि नाही. हे भाषांतर ऐकून ऐकून कान किटले आहेत. 'पेगन' या शब्दात मूर्तीही नाही आणि पूजाही नाही. लॅटिनमध्ये 'पागुस' म्हणजे गावाखेड्यांचा टापू आणि 'पागानुस' म्हणजे त्या टापूत राहणारा. इंग्रजीतला 'पेझंट' याच घरातला. ख्रिस्ती लेखक हा शब्द बिगरख्रिस्ती लोकांसाठी वापरू लागले ते चौथ्या शतकात. का वापरू लागले यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, रोमन शिपाई बिनफौजी माणसाला 'पागानुस' म्हणत आणि ख्रिस्ती लोक स्वतःला ख्रिस्ताचे शिपाई समजत, म्हणून बाहेरचे ते पागानुस. मोठमोठ्या जर्मन पंडितांनी हे मांडलंय, तरी मला ते पटत नाही. शहरानं खेड्याला नावं ठेवणं ही माणसाची इतकी जुनी खोड आहे की त्यासाठी फौजेपर्यंत जायची गरजच नाही. संस्कृतात 'नागर' म्हणजे सभ्य आणि 'ग्राम्य' म्हणजे असभ्य. दोन्ही शब्द नुसते पत्ते होते, त्यांच्या पदव्या झाल्या. मराठीत 'गावंढळ' आहेच. इंग्रजीतला 'हीदन'सुद्धा बहुतेकांच्या मते 'हीथ'वरून, म्हणजे माळरानावरून आला. तेव्हा इतिहास लिहिताना 'रोमन देवदेवतांचे उपासक' असं सरळ लिहावं. एकाच शब्दात लिहायचं असेल तर 'पेगन' ठेवावा, पण 'मूर्तिपूजक' नको.

ग्रामाचा विषय निघालाच आहे तर पुण्यातला एक शब्द सांगायलाच हवा, 'ग्रामण्य'. जातीबाहेर टाकण्यावरून चालणारा वाद म्हणजे ग्रामण्य, आणि त्याच्याही पोटात 'ग्राम' आहे. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्याची बडी मंडळी जमली. चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. पुढे वर्तमानपत्रात नावं छापून आली आणि ग्रामण्य उभं राहिलं. त्या नावांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. चहा कसा आहे हे कुणी विचारलं नाही, तो कुणाच्या घरून आला एवढंच विचारलं. तुमच्या मंडळातला मुलगा नेमका हाच प्रश्न उलट्या बाजूनं विचारतोय.

आता नाताळ. 'ख्रिसमसचं अस्सल मराठी नाव' म्हणून लोक हा शब्द अभिमानानं मिरवतात. तो पोर्तुगीज आहे, 'पगार' आणि 'बटाटा' यांच्याबरोबर आलेला. पोर्तुगीज 'नाताल' लॅटिन 'नातालिस'वरून आला, म्हणजे जन्माचा दिवस. वास्को द गामाला 1497 च्या नाताळात आफ्रिकेचा जो किनारा दिसला त्याला त्यानं हेच नाव दिलं. गांधीजींच्या चरित्रात भेटणारं नाताळ ते हेच.

इथपर्यंत कुठलाही कोश सांगेल. खरी गंमत पुढे आहे. 'नातालिस'मधला 'नातुस' जुन्या लॅटिनमध्ये 'ग्नातुस' होता, म्हणजे जन्मलेला. आपल्या 'जन्' धातूचा, 'जन्म' आणि 'जात' यांचा तो सख्खा भाऊ. लॅटिननं तोंडचा ग् टाकला आणि 'नातुस' उरला. इकडे संस्कृतात 'ज्ञाति' म्हणजे भाऊबंद. प्राकृतानं तोंडचा ज् टाकला आणि मराठीत आलं 'नातं'! दोन भाषांनी हजारो कोसांच्या अंतरावर एकाच जोडाक्षराची सारखीच मोडतोड केली. माझ्या मते नाताळ आणि नातं ही एकाच रक्ताची आहेत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की 'ज्ञाति' हा 'ज्ञा'वरून आला, ओळखीचे ते ज्ञाति. हे मी मानत नाही. ओळखीचा तर दूधवालाही असतो, त्याला ज्ञाति म्हणत नाहीत. ज्ञाति जन्मानं ठरतो, आणि शब्दाचा वापर हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो. दुसरा आक्षेप जास्त तोलाचा आहे. स्वरांमधला एकटा 'त' प्राकृतात गळतो, 'माता'ची 'माय' होते, मग 'नातं'मधला 'त' टिकला कसा? माझं उत्तर असं की मागे 'ज्ञात्र'सारखं जोडाक्षराचं रूप असणार. 'सूत्र'चं सूत, 'रात्र'ची रात, 'पुत्र'चा पूत होतो, तिथे 'त' शाबूत राहतो. एक सावधगिरी मात्र हवी. 'नातू' आणि 'नात' यांना या पंगतीत बसवू नका. ते 'नप्तृ'चे वंशज, इंग्रजी 'नेफ्यू'चे भाऊ. नातवाचा नात्याशी व्युत्पत्तीनं काही संबंध नाही!

तुमचा प्रश्न मी विसरलेलो नाही. तो याच 'नातालिस'मध्ये अडकलेला आहे. सन 354 च्या एका रोमन पंचांगात 25 डिसेंबरपुढे 'न. इन्विक्ती' अशी नोंद आहे. तो 'न' म्हणजे नातालिस, अजिंक्य सूर्याचा. त्याच ग्रंथात दुसऱ्या यादीत त्याच तारखेला ख्रिस्त बेथलेहेमात जन्मल्याचं लिहिलंय. एवढ्यावर लोक म्हणतात, झालं, चोरी पकडली. पण ख्रिस्ती लोकांचा स्वतःचा हिशेबही होता: 25 मार्चला गर्भधारणा, त्यावर नऊ महिने. कुणी कुणाकडून घेतलं यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे, तेव्हा 'सिद्ध झालंय' असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

समजा, तारीख सूर्याचीच होती. 'नातालिस' हा शब्दही रोमनांचाच होता. रोम शहराचा नातालिस 21 एप्रिलला होत असे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना वाढदिवसांचं वावडं होतं. तिसऱ्या शतकात ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित बजावतो की शास्त्रात वाढदिवस साजरे करणारे कोण, तर फारो आणि हेरोद हे पापी राजे. मग त्यांनी या शब्दाचं काय केलं? तो हुतात्म्यांच्या मृत्युदिनाला लावला! ज्या दिवशी हुतात्म्यानं प्राण दिला तो त्याचा स्वर्गातला जन्मदिवस, म्हणून नातालिस. कार्तिकात आळंदीला समाधी सोहळा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शब्द रोमनांचा आणि अर्थ पार उलटा. तो शब्द अशुद्ध राहिला का?

ईस्टरचं उदाहरण तर त्याहून वाईट. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं 'ईस्टर म्हणजे बाबिलोनची इश्तार' असं ठोकून दिलं आणि अजून लोक ते फिरवतात. उच्चार जुळला की व्युत्पत्ती झाली, ही व्युत्पत्तीशास्त्राची सरळ थट्टा आहे. ईस्टरचं नाव जिच्यावरून आलं म्हणतात त्या एओस्त्रे देवीचा उल्लेख 725 साली बीड या इंग्रज साधूनं केलाय. ते नाव 'उषस्'च्या कुळातलं, पहाटेचं. आणि तो सगळा वाद इंग्रजी-जर्मन नावापुरता. पोर्तुगीजात तो सण 'पाश्कुआ', मुळात हिब्रू 'पेसाह' या ज्यू सणावरून. मराठी बायबलात पेसाहला 'वल्हांडण' म्हटलंय, ओलांडून जाण्याचा सण. इतका नेमका शब्द मला दुसऱ्या भाषेत दाखवा.

पेगन नावं पुसायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. सहाव्या शतकात आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागाचे बिशप मार्टिन वारांच्या नावांवर तुटून पडले: मंगळाचा वार, शुक्राचा वार म्हणायचं नाही. म्हणूनच पोर्तुगीजात सोमवार 'सेगुंदा-फेइरा', म्हणजे दुसरा, आणि रविवार 'दोमिंगू', प्रभूचा. तरी महिने राहूनच गेले. 'जानेइरू'त जानुस देव आहे, 'मार्सू'त मार्स. एवढी सोवळी भाषा, आणि तिनंच आपल्याला 'नाताळ' दिला.

त्या मुलाला विचारा, तो प्रार्थनेला कोणत्या वारी जातो? रवीच्याच. आणि प्रार्थना करताना कुणाला हाक मारतो? 'देवा!' हा शब्द ऋग्वेदात इंद्राला आणि अग्नीला लावलेला आहे. फादर स्टीफन्सनी 1616 च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, ओवी तर आपलीच घेतली. रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. मुळावरूनच निवाडा करायचा तर हा पूलही पाडावा लागेल.

पाळायचाच नसेल तर त्यानं पाळू नये. बायबलमधल्या 'रोमकरांस पत्रा'त, चौदाव्या अध्यायात, पौल सांगतो की कुणी एक दिवस दुसऱ्याहून अधिक मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करावी. हे कारण भक्कम आहे. 'शब्दाचं मूळ पेगन' हे कारण लंगडं आहे. तुम्ही मात्र चांदणी लावा आणि करंज्या तळा.

आणि पाटीवर 'नाताल' लिहू नका. पोर्तुगीज माणूस शेवटचा 'ल' घशाशी नेऊन म्हणतो, तो मराठी कानानं 'ळ' म्हणून अचूक टिपलाय. 'नाताळ आली'सुद्धा नाही. नाताळ येतो.