स्वतःच्या मोबाइलवर कंपनीचा अधिकार किती?

कार्यालयीन अ‍ॅप आणि त्यांच्यासोबत येणारे सुरक्षेचे नियम यांविषयी नाशिक परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या विक्री विभागात काम करते. आता सर्वांनी स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर ‘वर्क प्रोफाइल’ सुरू करावे, असा आदेश आला आहे. ते केल्यावर माझे घरचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणे आणि बँकेचे अ‍ॅप कंपनीला दिसू लागेल का? नकार दिला तर वरिष्ठांची नाराजी ओढवेल, आणि होकार द्यायला मन धजावत नाही.

उत्तर : आपल्या फोनवर खरोखरच वर्क प्रोफाइल बसवले जाणार असेल, तर आपण उल्लेख केलेल्यांपैकी काहीही कंपनीला दिसणार नाही. ही सोय २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. तिच्यात कामाची अ‍ॅप, त्यांचा डेटा आणि कामाचे खाते फोनच्या एका स्वतंत्र भागात ठेवले जाते. कंपनीच्या प्रशासकाची, म्हणजे फोनची ही व्यवस्था सांभाळणाऱ्या माणसाची, सत्ता त्या भागापुरतीच असते. आपले वैयक्तिक फोटो, संदेश, कॉलची यादी आणि वैयक्तिक भागातील अ‍ॅप त्याला दिसत नाहीत. आपण नोकरी सोडलीत, तर तो वर्क प्रोफाइल काढून टाकू शकतो, पण या पद्धतीत आपला संपूर्ण फोन पुसण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. बाराव्या आवृत्तीपासून तर कर्मचाऱ्याच्या मालकीच्या फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांकही अशा प्रशासकाला वाचता येत नाही.

तरीही काही बंधने संपूर्ण फोनवर येतात आणि ती आधीच माहीत असलेली बरी. फोनला पुरेसा मजबूत स्क्रीन लॉक असावा, अशी सक्ती कंपनी करू शकते. प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप घेणे ती थांबवू शकते. कामाच्या अ‍ॅपमधला मजकूर कॉपी करून वैयक्तिक अ‍ॅपमध्ये चिकटवणे आणि कामाच्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेणे हेही ती बंद करू शकते. कारखान्याचे वाय-फाय वापरताना आपला फोन कोणत्या संकेतस्थळांशी जोडला जातो, हे त्या नेटवर्कच्या चालकाला कळू शकते. त्याचा वर्क प्रोफाइलशी संबंध नसतो, म्हणून खासगी कामासाठी आपला मोबाइल डेटा वापरावा.

खरी काळजी घ्यायची ती प्रोफाइल बसवण्याच्या वेळी, कारण ‘वर्क प्रोफाइल’ या नावाखाली दुसरेच काही समोर येऊ शकते. पडद्यावर ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप सुरू करायचे का’ असा प्रश्न आला आणि त्याखालच्या यादीत ‘सर्व डेटा मिटवणे’, ‘स्क्रीन लॉक बदलणे’ अशा ओळी दिसल्या, तर तेथेच थांबावे. ही जुनी पद्धत आहे. तिच्यात वैयक्तिक आणि कार्यालयीन असा भेदच नसतो, आणि २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून गुगलने ती टप्प्याटप्प्याने मोडीत काढायला सुरुवात केली आहे. फोन आधी फॅक्टरी रीसेट करून मग क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितले, तर ते संपूर्ण फोनचे व्यवस्थापन असते. ते कंपनीने विकत घेऊन दिलेल्या फोनसाठी योग्य आहे, आपल्या स्वतःच्या फोनसाठी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवून ‘हजेरीचे अ‍ॅप आहे, अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्या’ असे कोणी सांगितले, तर साफ नकार द्यावा. ती परवानगी मिळालेले अ‍ॅप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते, आणि त्यात आपला ओटीपीही आला.

वर्क प्रोफाइल नीट बसले की अ‍ॅपच्या यादीत ‘पर्सनल’ आणि ‘वर्क’ असे दोन भाग दिसतात आणि कामाच्या प्रत्येक अ‍ॅपच्या चिन्हावर छोट्या ब्रीफकेसची खूण येते. संध्याकाळी घरी गेल्यावर हा संपूर्ण भाग एका बटणाने तात्पुरता बंद ठेवता येतो. सुटीच्या दिवशी ते बटण संकोच न बाळगता वापरावे.

नाराजीच्या भीतीबद्दल सांगायचे, तर नकार देण्याऐवजी प्रश्न विचारावेत आणि उत्तरे ई-मेलवर मागावीत. कोणत्या पद्धतीने नोंदणी होणार, कोणते नियम लागू होणार, लोकेशन घेतले जाणार असल्यास कोणत्या वेळेत आणि नोकरी सोडताना नेमके काय पुसले जाणार, एवढे लेखी मिळाले की आपला निर्णय सोपा होईल. विभागातील चार-सहा जणांनी मिळून विचारले, तर कोणा एकावर रोख येणार नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि व्यवसायाची गुपिते जपण्यासाठी डेटा वापरण्याची मुभा मालकाला दिली आहे. मात्र कर्मचाऱ्याच्या घरच्या आयुष्यात डोकावण्याचा परवाना असा तिचा अर्थ लावता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : अंबड येथे यंत्रांचे सुटे भाग बनवणारा माझा लहान कारखाना आहे. विक्री प्रतिनिधी नोकरी सोडतात तेव्हा ग्राहकांचे नंबर, दरपत्रके आणि ड्रॉइंग त्यांच्याच फोनमध्ये राहतात. सर्वांच्या फोनवर बसवून लोकेशन, कॉल आणि संदेश दाखवणारे एक सॉफ्टवेअर घ्यावे, असे एका विक्रेत्याने सुचवले आहे. ते घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. आपले नुकसान ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याने होत आहे. कर्मचारी दुपारी दोन वाजता पाथर्डी फाट्यावर होता की द्वारका चौकात, हे कळून ते थांबणार नाही. शिवाय पत्नीशी झालेले बोलणे मालकाला कळते, अशी शंका आली की चांगला प्रतिनिधी आधी सोडून जातो.

सर्वप्रथम सिमकार्डकडे पाहावे. ग्राहक ज्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करतात तो नंबर प्रतिनिधीच्या नावावर असेल, तर कितीही महाग सॉफ्टवेअर घेतले तरी तो ग्राहक त्याच्यासोबत जाणारच. कंपनीच्या नावाने सिमकार्डे घ्यावीत आणि त्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करून द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन पायऱ्यांच्या पडताळणीचा पिनही कार्यालयाच्या नोंदीत ठेवावा. प्रतिनिधी बदलला तरी नंबर आपल्याकडेच राहील आणि जुन्या ग्राहकाचा फोन नव्या माणसाकडे येईल. दुय्यम सिमची सोय असलेल्या वैयक्तिक फोनवरही वर्क प्रोफाइलमध्ये वेगळे व्हॉट्सअ‍ॅप बसवून हे साधता येते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ड्रॉइंग आणि दरपत्रके व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू न देता कंपनीच्या ड्राइव्हमध्ये ठेवावीत आणि ती कामाच्या खात्यातूनच उघडावीत. खाते बंद केले की नवे काही उघडता येत नाही आणि वर्क प्रोफाइल काढले की उतरवून घेतलेल्या प्रतीही जातात. आपण मायक्रोसॉफ्टची सेवा वापरत असाल, तर ‘बिझनेस प्रीमियम’ योजनेत इंट्यून हे व्यवस्थापनाचे साधन अंतर्भूत असते आणि ती योजना ३०० वापरकर्त्यांपर्यंत घेता येते. फोनची नोंदणी न करताही केवळ आउटलुक, वर्ड अशा अ‍ॅपना नियम लावण्याची सोय त्यात आहे. कर्मचारी स्वतःचा फोन वापरत असतील, तर मला हा मार्ग सर्वांत सभ्य वाटतो. भारतीय पर्यायांत झोहो समूहातील मॅनेजइंजिन आणि पुण्यात तयार झालेले स्केलफ्यूजन ही नावे पाहण्यासारखी आहेत.

नियम किती कडक करावेत, याबाबत मालक मंडळींची बहुधा चूक होते. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही २०१७ मध्येच अशी मुदतवार सक्ती करू नये असे सांगितले आहे. सहा अंकी पिन, थोड्या वेळाने आपोआप लागणारा लॉक, कामाच्या खात्याला दोन पायऱ्यांची पडताळणी आणि सुरक्षा अपडेट मिळत असलेला फोन एवढे काटेकोरपणे पाळले, तरी लहान कारखान्याचे बरेचसे काम होते. त्यापुढे प्रत्येक बटणावर बंदी घातली, तर प्रतिनिधी ग्राहकासमोर अडकतो. मग तो लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढून वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवतो, आणि आपले ड्रॉइंग पुन्हा आपल्याला न दिसणाऱ्या जागी जाऊन बसते.

प्रश्न : राजीनामा दिल्यानंतर काही दिवसांत माझा स्वतःचा फोन अचानक पूर्ण रिकामा झाला. मुलीच्या बारशाचे फोटोही गेले. मी कोणतेही अ‍ॅप बसवले नव्हते, फक्त कार्यालयाचा ई-मेल जोडला होता. हे कसे झाले?

उत्तर : आपली व्यथा आम्ही समजू शकतो, कारण ज्या अधिकारामुळे हे घडले तो आपण दिला आहे, हे आपल्याला कोणी समजावून सांगितलेलेच नव्हते. फोनच्या मेल अ‍ॅपमध्ये ‘एक्स्चेंज’ (मायक्रोसॉफ्टची कार्यालयीन ई-मेल व्यवस्था) प्रकारचे खाते जोडताना ‘सर्व्हरला सुरक्षा नियम लागू करू द्या’ अशी परवानगी मागितली जाते आणि तिच्यात फोन दूरवरून पुसण्याचा अधिकारही असू शकतो. केवळ खाते पुसण्याचा वेगळा पर्याय कित्येक ठिकाणी उपलब्ध असतो, परंतु प्रशासकाने घाईत संपूर्ण फोन पुसण्याची आज्ञा दिली, तर फोन ती पाळतो.

पुसलेल्या फोनमधून फोटो परत मिळवण्याचा दावा करणाऱ्या दुकानांत पैसे घालवू नयेत. अलीकडच्या फोनमधील साठा कूटबद्ध असतो आणि फोन रीसेट होताना त्याची किल्लीच नष्ट होते. त्यापेक्षा गुगल फोटोज, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आणि बारशाला आलेल्या नातेवाइकांचे फोन येथे शोध घ्यावा. कंपनीला लेखी पत्र देऊन ही आज्ञा कोणत्या धोरणाखाली दिली गेली, हे जरूर विचारावे.

इतर वाचकांनी आजच सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ असा शोध घेऊन कोणत्या अ‍ॅपकडे हा अधिकार आहे ते पाहावे. आयफोनवर ‘जनरल’मधील ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ येथे कंपनीचे प्रोफाइल दिसते. २०१९ च्या आयओएस १३ पासून आलेल्या ‘यूजर एनरोलमेंट’ पद्धतीत कंपनीला संपूर्ण आयफोन पुसता येत नाही, मात्र नेहमीच्या डिव्हाइस नोंदणीत तो पुसता येतो आणि बसवलेल्या अ‍ॅपची यादीही दिसते. आपले प्रोफाइल कोणत्या प्रकारचे आहे, हे विचारून घ्यावे.

प्रश्न : पिंपळगाव बसवंत येथून आमची द्राक्षांची निर्यात होते. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील बागांत फिरणाऱ्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना आम्ही कंपनीचे फोन दिले आहेत. ऐन हंगामात फोन अपडेट होत बसतात, काही ठिकाणी नेटवर्क नसते आणि एकच फोन दोन पाळ्यांत वापरला जातो. कोणती व्यवस्था करावी?

उत्तर : फोन कंपनीचे आहेत, त्यामुळे येथे संपूर्ण व्यवस्थापन निःसंकोच करावे. फोन रीसेट करून स्वागताच्या पहिल्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारली की क्यूआर कोड वाचण्याची सोय उघडते. व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधील कोड दाखवला की ठरवलेली अ‍ॅप आपोआप येऊ लागतात आणि प्ले स्टोअरमध्येही मंजूर केलेलीच अ‍ॅप दिसतात.

अपडेटसाठी अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ‘फ्रीझ पीरियड’ची सोय आहे. सलग ९० दिवसांपर्यंत प्रणालीचे अपडेट रोखता येतात, मात्र अशा दोन कालखंडांत किमान ६० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. काढणीचा मुख्य भर जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत असतो, तेव्हा डिसेंबरअखेरीस सर्व फोन अद्ययावत करून मगच हा काळ सुरू करावा. त्या दिवसांत सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, म्हणून काढणी संपताच अपडेट पुन्हा खुले करण्यास विसरू नये. हंगामाबाहेर पहाटे दोन ते चार अशी वेळ ठरवून द्यावी आणि फोन रात्री कार्यालयात चार्जिंगला लावून ठेवावेत.

नेटवर्कबाबत एवढेच, की फोन काही तास सर्व्हरशी बोलला नाही म्हणून कामाची अ‍ॅप बंद पाडणारा नियम बागेत चालणार नाही. ही सवलतीची मुदत दोन-तीन दिवसांची ठेवावी. प्लॉटची नोंद आणि फवारणीची माहिती ऑफलाइन भरता येईल, असेच अ‍ॅप निवडावे. औषधाने माखलेल्या किंवा मातीने खरखरीत झालेल्या बोटांचा ठसा फोन ओळखत नाही, त्यामुळे ठशाऐवजी पिन ठेवावा. पाळी बदलताना मात्र प्रत्येकाने स्वतःच्याच खात्याने लॉगिन करावे. शेतमालाच्या निर्यातीसाठी असलेल्या ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ग्रेपनेट व्यवस्थेत द्राक्षाचा माग थेट बागेपर्यंत काढला जातो. आपल्याकडची नोंद कोणी केली हेच सांगता आले नाही, तर कीटकनाशकांच्या अंशाचा प्रश्न उपस्थित झाल्यावर निर्यातदाराची पंचाईत होते.

प्रश्न : कंपनीने दिलेला फोन सीबीएस स्थानकावर बसमध्ये चढताना चोरीला गेला. आधी काय करायला हवे होते?

उत्तर : सर्वांत आधी दुसऱ्या कोणाच्या फोनवरून आपल्या कार्यालयाला कळवायला हवे होते. दूरवरून लॉक करण्याची किंवा पुसण्याची आज्ञा फोन इंटरनेटशी जोडलेला असतानाच पोहोचते. सिमकार्ड किंवा आयएमईआय आधी बंद केला, तर ती बहुधा वाटेतच अडकते. आज्ञा पोहोचल्याची खात्री झाली, किंवा फोन बंद असल्याने ती पोहोचणार नाही असे दिसले, की लगेच सिम बंद करून पोलिसांत तक्रार द्यावी. त्यानंतर दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करण्याची विनंती करावी. तेथे तक्रारीची प्रत लागते. आयएमईआय क्रमांक खोक्यावर किंवा बिलावर असतो आणि कंपनीच्या व्यवस्थापनाखालील फोनचा क्रमांक प्रशासकाकडेही मिळतो.