कुणालाच न कळणारी लॅटिन कॅथलिक लोक अजून का धरून बसलेत? मातृभाषेत प्रार्थना केलेली चालत नाही का?

चालते की, आणि करतातच. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे कॅथलिक, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) कोकणी नाहीतर मराठीत, लॅटिन मिस्सा मी आयुष्यात दोनदा पाहिली असेल. त्यामुळे सगळं परत लॅटिनमध्ये करा म्हणणाऱ्यांतला मी नाही. वाचन आणि फादरचं प्रवचन कळलंच पाहिजे. शापाय (आमचे आजोबा) सांगायचे की त्यांच्या लहानपणी फादर वेदीकडे तोंड करून लॅटिन पुटपुटायचे आणि खाली बायका आपली रोजरी (जपमाळ) ओढत बसायच्या, ते काही सोन्याचे दिवस नव्हते.

आणि लॅटिन म्हणजे येशूची भाषा असंही नाही, तो अरामी बोलायचा. रोममधल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची उपासना ग्रीकमध्ये व्हायची, पुढे लोकांना ग्रीक कळेनाशी झाली म्हणून चौथ्या शतकापर्यंत हळूहळू लॅटिन आली, म्हणजे गंमत बघा, ती आली तीच लोकांची भाषा म्हणून. 'किरिये एलेइसोन' (प्रभू, दया कर) हे ग्रीक मात्र लॅटिन मिस्सातही म्हणतात. केरळातल्या सिरो-मलबार लोकांची परंपरा तर सिरियाक, तेही पक्के कॅथलिकच.

मग लॅटिन हवी कशाला? आमच्याकडे मे महिन्यात खुरसाकडे (वाडीतल्या क्रॉसपाशी) लादीन असते, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची लॅटिन प्रार्थना. मेणबत्त्या लावायच्या, एक जण पुढून म्हणणार 'सांक्ता मारिया' (पवित्र मारिया), बाकी सगळे 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. त्याचं आमच्या वाडीत 'ओरापनोबी' झालेलं, पण सूर दोन-तीन पट्ट्यांत असे लागायचे की अंगावर काटा, आणि नंतर उकडलेले चणे (मोठ्यांना चण्यांबरोबर फेणी पण). शापायनी ते सगळं देवनागरीत वहीत लिहून ठेवलेलं, अर्थ त्यांना निम्मा माहीत असेल नसेल.

पुढे लूर्दला गेलो फ्रान्समध्ये, मारियेच्या तीर्थक्षेत्राला. रात्री मेणबत्त्यांची मिरवणूक असते, रोजरीतली एकेक 'नमो मारिया' प्रार्थना वेगवेगळ्या भाषेत, आपली भाषा आली की तोंड उघडायचं, नाहीतर गप्प चालायचं. माझ्या बाजूला व्हीलचेअरवर एक म्हातारी होती, इटालियन असावी, तासभर आम्ही एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो. शेवटी 'साल्वे रेजिना, मातेर मिसेरिकोर्दिए' हे मारियेचं लॅटिन गाणं सुरू झालं आणि ती पण गायला लागली आणि मी पण, वाडीतल्या उच्चारात, तिने चक्क माझा हात धरला. हे इंग्लिशमध्ये झालं नसतं, तिला इंग्लिश येतच नव्हतं.

आता मुंबईत आमच्या पॅरिशमध्ये इंग्लिश, कोकणी, मराठी, तामिळ अशा वेगवेगळ्या मिस्सा आहेत, त्याबद्दल तक्रार नाही, पण सणाला एकच मोठी मिस्सा असली की क्रेडो (श्रद्धेची कबुली) कुठल्या भाषेत यावर मीटिंगा. एका वर्षी कॉयरमधले दोन गट महिनाभर बोलत नव्हते!! शेवटी इंग्लिश जिंकतं आणि म्हातारे गप्प बसतात. लॅटिन कुणाच्याच घरची नाही म्हणून तिथे कुणी हरत नाही, माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

आणि हे माझं डोकं नाही हो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेवरचा दस्तऐवज काढला, मातृभाषेला दार त्यानेच उघडलं, पण त्यातच हेही लिहिलंय की लोकांना मिस्सातले आपल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही एकत्र म्हणता-गाता यायला हवेत. पहिलं सगळ्यांनी उचललं, दुसरं बहुतेक ठिकाणी विसरून गेले. १९७४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सोप्या लॅटिन गाण्यांची एक छोटी पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठवली होती, 'युबिलाते देओ' नावाची, आमच्या पॅरिशमध्ये कुणाला विचारलं तर माहीत नाही म्हणतात.

मिस्सातली ग्लोरिया, क्रेडो, सांक्तुस, पातेर नोस्तेर, आग्नुस देई, आणि मारियेचं ते साल्वे. एवढंच आलं तरी पुष्कळ, आणि अर्थ शेजारी मराठीत छापला की 'कळत नाही' ही तक्रारही गेली. मुलीला साल्वे शिकवतोय सध्या, शापायच्याच वहीतून. ती यूट्यूबवर ऐकून येते आणि माझ्या ओरापनोबीला हसते.