वाचकांचे प्रश्न : ‘पार्ला’ की ‘पार्ली’?

प्रश्न : ‘मार्को चांगले बोलतो असे मला वाटते’ याचे मी इटालियनमध्ये ‘पेन्सो के मार्को पार्ला बेने’ असे भाषांतर केले. शिक्षिकेने ‘पार्ला’ खोडून ‘पार्ली’ लिहिले. पण ‘पार्ली’ म्हणजे ‘तू बोलतोस’. ते मार्कोला कसे चालेल? – एक वाचक, पुणे

उत्तर : शिक्षिकेची दुरुस्ती योग्य आहे. ‘तू बोलतोस’ हा ‘पार्ली’ वेगळा. इथला ‘पार्ली’ हे ‘कोंजुन्तीव्हो’चे, म्हणजे आपल्या विध्यर्थाच्या जवळ जाणाऱ्या अर्थाचे वर्तमानकाळी रूप आहे. ते साधताना स्वरांची अदलाबदल होते. ‘आरे’ने संपणारे ‘पार्लारे’ (बोलणे) ‘ई’ घेते, तर ‘स्क्रीव्हेरे’ (लिहिणे) आणि ‘दोर्मीरे’ (झोपणे) ‘आ’ घेऊन ‘स्क्रीव्हा’ आणि ‘दोर्मा’ होतात. एकवचनात तिन्ही पुरुषांना हे एकच रूप लागते, त्यामुळे घोटाळा टाळायचा असेल तर सर्वनाम उच्चारावे. ‘आम्ही’चे ‘पार्ल्यामो’ नेहमीसारखेच राहते, ‘तुम्ही’चे ‘पार्ल्याते’ होते, आणि ‘ते’साठीच्या ‘पार्लीनो’, ‘स्क्रीव्हानो’ या रूपांत आघात पहिल्या अक्षरावरच ठेवावा, कारण तो पुढे सरकला की शब्द लगेच परका वाटतो. ‘कापीरे’ (समजणे) मात्र ‘कापीस्का’ असे वाढते.

तुमची चूक मराठीतूनच आली आहे, आणि म्हणून ती नीट समजून घेण्यासारखी आहे. ‘मार्कोने लिहावे अशी माझी इच्छा आहे’ हे वाक्य दिले असते, तर ‘व्होल्यो के मार्को स्क्रीव्हा’ तुम्हाला सहज सुचले असते, कारण तिथे मराठीही विध्यर्थच वापरते. पण ‘वाटते’ म्हटल्यावर आपण ‘बोलतो’ हा साधा स्वार्थ, म्हणजे सरळ विधान करणारे रूप, कायम ठेवतो. इटालियन मात्र, बोलणारा खात्री न देता केवळ आपले मत सांगत असल्यामुळे, क्रियापदाचे रूप बदलते. म्हणून मुख्य वाक्याकडे आधी पाहावे : ‘मला माहीत आहे’ या अर्थाच्या ‘सो के’नंतर ‘पार्ला’च बरोबर ठरते. बोलचालीत ‘पेन्सो के’नंतरही ‘पार्ला’ कानावर पडते, परंतु लेखनात ते टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्ता दोन्हीकडे एकच असेल, तर हे रूप लागतच नाही. ‘मी निघेन म्हणतो’ यासाठी ‘पेन्सो दी पार्तीरे’ पुरते.

आणखी एक साम्य मला फार मोलाचे वाटते. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या व्यक्तीला विनंती करताना इटालियन माणूस ‘स्क्रीव्हा क्वी’ म्हणतो, तेव्हा तो हेच रूप वापरतो; आणि आपणही अशा वेळी ‘आपण इथे लिहावे’ असेच म्हणतो.