नदीचा उतार

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लढाईच्या गेमचा आराखडा आणि डेमो दोन्ही मिळाले. डेमो तीनदा खेळलो. आराखडा अकराव्या पानापर्यंत वाचला आणि ठेवून दिला. रागावू नको. अकराव्या पानावर बंदुकांची यादी आहे, छत्तीस बंदुका. पुढं चार हेलिकॉप्टरं, दोन रणगाडे आणि बर्फाचे डोंगर. लेका, तू भोकरदनचा. बर्फ तू उसाच्या रसात पाहिलास तेवढाच.

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या एका रिटायर हवालदारांना घरी बोलावून तुझा डेमो दाखवला. बावीस वर्षं पायदळात काढलेला माणूस, आता दोन म्हशी आणि थोडी शेती बघतो. कंट्रोलर काही हातात घेतला नाही. "तुम्ही चालवा, मी बघतो," म्हणाले. तुझा जवान पाठीवर पिट्ठू घेऊन नांगरलेल्या रानातून सरळ पळत सुटला. ते दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "याला धाप कामून लागत नाही?" मी म्हटलं, ते पुढं टाकणार आहे पोरगं. "आन् हा एकटाच? याचा बडी, जोडीदार, कुठंय?" तेवढ्यात तुझा जवान बांधावर चढला आणि आभाळाला पाठ लावून उभा राहिला. हवालदारांनी कपाळावर हात मारला. "बांध दिसला की त्याच्या आड निजायचं. हा गडी तर वर जाऊन उभा राहिला. गेला हा." पण तो गेला नाही, कारण तुझे शत्रू तीस पावलांवरनं नेम चुकवतात.

ज्या रायफलीचे स्क्रू तू मोजून बसवलेस, जिच्यावर तुझे पाच आठवडे गेले, तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. चहा घेताना मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, "हां, बरी आहे." आणि मग तासभर खड्डा खणण्यावर बोलले. वर दोन वीत माती, खाली मुरूम, आणि हातात छोटं फावडं. मुरूम लागला की फावडं झणझणतं आणि तो आवाज रात्री लांबपर्यंत जातो, म्हणून मग बोटांनी उकरायचं. हे मी कधी कुठल्या गेममध्ये ऐकलेलं नाही. तू ऐकव.

असल्या माणसांकडं जाताना एक लक्षात ठेव. "तुम्ही किती जण मारले?" हा प्रश्न विचारलास तर पुढचं सगळं बंद होईल, आणि व्हायलाच पाहिजे. पायाला काय झालं होतं, पाणी किती मिळायचं, रात्री झोप कशी लागायची, असं विचार. पलटण कुठं होती, आता तिथं काय आहे, हे तर मुळीच विचारू नको. त्याचं पुढं सांगतो.

माझी एक फजिती सांगतो, म्हणजे हा म्हातारा नुसतं शिकवतो असं तुला वाटायला नको. पुण्यात मी ज्या कंपनीत होतो (नाव घेत नाही, आता ती नाहीही) तिथं आम्ही असाच मोठा गेम काढला होता. माझ्याकडं शत्रूची नजर होती, म्हणजे कुणाला कोण, किती लांबून दिसतं, हे ठरवणारा कोड. मी ज्वारीचं रान केलं, माणसाच्या डोक्यावर जाणारं. खेळणारा त्यात पालथा पडला की त्याला वाटायचं, आपण लपलो. आणि दुसऱ्या क्षणी तो मेलेला. आठ दिवस कारण सापडेना. कारण साधं होतं. लांबचं गवत आणि पीक गेम चालवणारं इंजिन पडद्यावर काढतच नाही, मशीनवर ताण नको म्हणून. चारशे मीटरवरच्या दुसऱ्या खेळाडूच्या पडद्यावर ज्वारी नव्हतीच, मोकळी काळी जमीन होती आणि तिच्यावर एक माणूस पालथा पडलेला होता. संगणकाचा शत्रू तर त्याहून वाईट. त्याच्या डोळ्यातून निघणारी रेघ ताटांमधून आरपार जायची, कारण ताटांना टक्करच, म्हणजे रेघ अडवायची सोयच, दिलेली नव्हती. मग मी पिकाचा दाटपणा वेगळ्या नकाशात भरला आणि रेघ जितकी ज्वारीतून जाईल तितकी नजर कमी होत जाईल असं केलं. लांबच्या पडद्यासाठी पालथा माणूस थोडा जमिनीत बुडवून दाखवला. लबाडीच ती, पण चालली. तुझ्या डेमोत तुरीच्या शेतात हीच चूक आहे. आधी ती काढ.

गोळीचं गणितही बघितलं. तू गोळी सोडल्या क्षणी लागते असं केलंयस. शंभर मीटरपर्यंत खपून जाईल. पण इन्सास रायफलीची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटरनं निघते आणि हवा तिला रोखत जाते, म्हणून ३०० मीटरला पोचायला ०.४ सेकंदाच्या आसपास लागतात. तेवढ्यात पळणारा माणूस दोन मीटर पुढं गेलेला असतो, आणि गोळी अर्ध्या मीटरहून जास्त खाली आलेली असते. म्हणून तिला खरोखर उडव. उडवताना एका खड्ड्यात पडशील, मी पडलो होतो: पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं धरली तर एका चित्रात गोळी १५ मीटर जाते. म्हणजे एका चित्रात भिंतीच्या अलीकडं, दुसऱ्यात पलीकडं, आणि मधली भिंत तिच्या गावीच नाही. दर चित्राला आधीच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेघ मारून तपासायचं. आवाज तर त्याहून गमतीचा. गोळी आवाजापेक्षा वेगानं येते, म्हणून ज्याच्या अंगावर ती येते त्या माणसाला आधी कानाजवळ कोरडा चटका ऐकू येतो आणि मग लांबून बंदुकीचा ठो. ३०० मीटरवर या दोन्हींत साधारण अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदावरून जुना शिपाई अंतर ओळखतो. तू एवढं एक जरी नीट केलंस तरी छत्तीस बंदुकांपेक्षा जास्त कमावशील. नाहीतर तुझ्या गेमात स्फोट दिवाळीसारखे सगळे एकदम ऐकू येतात.

आता मुख्य मुद्दा. बर्फ सोड. तुझ्या घरापासून मोटारसायकलवर जाता येईल अशा अंतरावर असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ची लढाई. शाळेत एका ओळीत शिकवतात आणि परीक्षेत जोड्या लावायला देतात. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांची फौज, तिच्यातल्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली, आणि शंभराच्या आसपास तोफा. दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, त्याच्याकडं यापेक्षा कितीतरी कमी माणसं. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठी फौज बसलेली. समोरच्या उतारावर, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेवर, तोफा रोखलेल्या. वाटाडे सांगत होते, दुसरा उतार नाही. वेलस्लीला खाली नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्यानं ताडलं की दोन गावं अशी समोरासमोर असतील तर माणसांची, गुराढोरांची ये-जा असणारच, म्हणजे तिथं उतार असलाच पाहिजे. तिथं उतार होता. फौज तिथून पलीकडं गेली.

हे आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्यानं सांगितलं असतं. आणि गेमसाठी यापेक्षा चांगला प्रसंग मला तरी माहीत नाही. खेळणाऱ्याच्या हातात नकाशा देऊ नको, वरून दिसणारे लाल ठिपके देऊ नको. नदी दे, दोन गावं दे, खोटं किंवा अर्धवट सांगणारा वाटाड्या दे, आणि मागून चढत जाणारं ऊन दे. तू काय करशील?

पुढं तर अजून आहे. पोलमनच्या पलटणींनी आपली अख्खी आघाडी नव्वद अंशांत फिरवली. हे त्या कवायती फौजेला इतकं सफाईनं जमेल असं वेलस्लीला वाटलं नव्हतं. त्याच्याच एका अधिकाऱ्यानं हुकूम चुकीचा समजून आपली तुकडी थेट असई गावाच्या तोफांच्या तोंडी नेली, आणि तिच्या मागोमाग इंग्रजांची ७४वी पलटण कापली गेली. तोफा ओढणारे बैल मेले म्हणून इंग्रजांच्या तोफा जागच्या जागी राहिल्या. तोफा चालवणारे मराठी गोलंदाज तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढं गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर पुन्हा तोफा डागू लागले. शेवटी इंग्रज जिंकले, पण मेलेले, जखमी धरून त्यांची दीड हजारावर माणसं पडली. आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं पुढं वॉटर्लू जिंकलेल्या त्याच माणसाला विचारलं तर त्यानं असईचं नाव घेतलं, असं सांगतात.

यात तुला छत्तीस बंदुका लागत नाहीत. एक नळीची बंदूक, मिनिटाला जेमतेम तीन बार, शंभर मीटरपलीकडं नेमाचा भरवसा नाही. एका बारानंतरचे वीस सेकंद म्हणजे तुझा गेम. दारू, गोळी, गज, आणि समोरून चालत येणारी रांग. तोफेचा गोळाही बघ: कडक मुरमावर टप्पे खात पुढं जाणार, ओल्या काळ्या मातीत रुतून बसणार. हे तू लहानपणापासून क्रिकेट खेळताना बघितलंयस, बंगळुरूच्या पोराला हे वाचून कळणार नाही. एवढंच बघ की आपल्याला मिळतात त्या बहुतेक नोंदी इंग्रजांच्या आहेत. तोफेखाली निजलेल्या गोलंदाजाच्या बाजूनं खेळायला दे. त्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

जमिनीची उंची तुला फुकट मिळेल, इस्रोच्या भुवन या नकाशांच्या संकेतस्थळावर मिळते. पण ती ३० मीटरला एक नोंद अशी असते. सहा मीटर रुंदीचा नाला आणि कंबरेएवढा बांध तिच्यात दिसतच नाहीत, सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट. आणि आपल्या हवालदारांना विचार, माणूस वाचतो तो नेमका त्याच नाल्यात. तेव्हा टेप, वही घेऊन पायी चाल. दोनशे वर्षांत नदीनं काठ खाल्ले असतील, शेतं बदलली असतील, तरी चाल.

१९४८च्या हैदराबादवरच्या कारवाईवर गेम करू का, असं तू शेवटी विचारलंयस. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून फौज निघाली, नळदुर्ग घेतला, १७ तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. सगळं आपल्याच अंगणातलं, मोह होणारच. पण माझं मत, आत्ता नको. रझाकारांनी गावंच्या गावं कशी छळली हे सांगणारी घरं इथं आहेत, आणि त्यानंतर साध्या मुसलमान कुटुंबांनी काय सोसलं हे आठवणारीही आहेत. काही वेळा दोन्ही घरं एकाच गल्लीत आहेत. तिथं गुण मोजून गोळ्या घालायच्या नाहीत. तो गेम करायचा तर आधी पाच-सात वर्षं ऐकायचं.

कायद्याचं थोडक्यात. संभाजीनगरच्या छावणीकडं कॅमेरा वळवू नको, गेट "रेफरन्ससाठी" म्हणूनसुद्धा नाही. २०१२ मध्ये आर्मा या गेमच्या कंपनीतली दोन माणसं ग्रीसच्या लेम्नोस बेटावर लष्करी ठिकाणांचे फोटो काढल्याच्या आरोपावरून पकडली गेली. सुट्टीवर आलोय म्हणत होती. चार महिन्यांहून जास्त तुरुंगात राहिली. आपल्याकडं १९२३चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आहे, आणि त्याच्यापुढं तुझा डेमो दाखवून सुटका होणार नाही. दुसरं, तुझ्या औषधाच्या पेटीवर पांढऱ्यावर लाल क्रॉस आहे. तो काढ. ते चिन्ह जिनिव्हा करारांनी राखून ठेवलंय आणि आपल्याकडं १९६०च्या कायद्यानं परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे. हिरवा कर, पानाचं चित्र टाक, काहीही कर. तिसरं, पडद्याच्या कोपऱ्यात गेमचं नाव कायम राहू दे. आर्मा ३ मधले तुकडे खऱ्या युद्धाचे म्हणून जगभर फिरले आहेत, बातम्यांतसुद्धा.

पैशांचं विशेष काही नाही. गेम बनवायचं गोडो फुकट आहे, त्रिमिती चित्रं करायचं ब्लेंडर फुकट आहे, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात टाकायला १०० डॉलर लागतात. कर्ज काढून नवं ग्राफिक कार्ड घेऊ नको. जुन्या मशीनवर चालेल एवढंच कर, म्हणजे तुझ्या गावातल्या पोरांनाही खेळता येईल. आणि लाइट गेल्यावर तीन दिवसांचं काम गेलं असं तू मागं रडला होतास, तेव्हापासून रोज संध्याकाळी कोड नेटवर चढवतोस ना?

पहिला टप्पा: एक उतार, दोन गावं, चाळीस माणसं, वीस मिनिटं. घोडदळ नाही, मेनूसुद्धा नाही. जमलं की हवालदारांना पुन्हा बसवू.

येत्या २३ सप्टेंबरला मी असईला येतो. त्याच तारखेला बघायचंय, म्हणजे पीक किती उंच आहे, माती बुटाला किती चिकटते, दुपारी सावली कुठं पडते ते कळेल. सकाळी सहाला भोकरदनच्या स्टँडवर थांब. जुने बूट घाल, वीस मीटरची टेप आण, आणि फोनला प्लॅस्टिकची पिशवी लाव. पाऊस झालेला असेल तर उतारात मांडीपर्यंत पाणी असेल.

तुझा,
सर