गुहागरच्या घरी लिनक्सचा मीडिया बॉक्स: आधी वीज, दमट हवा आणि रिमोट, मग डिस्ट्रो

नमस्कार. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. घर गुहागर तालुक्यात, आई-बाबा तिथेच, तुम्ही मुंबईला. चौथ्या पिढीचा आय-३ डेस्कटॉप पडून आहे, त्यावर लिनक्स टाकून तो टीव्हीला जोडायचा आहे. लग्नाच्या व्हीसीडी, व्हीएचएस कॅसेट, फोटो, सिनेमे सगळं एका ठिकाणी हवंय. गणपतीत घर भरलं की मुलांना मोबाईलवरही बघता यावं. आणि यासाठी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कोणता?

मी देवगड तालुक्यात बारमाही राहतो. नातेवाइकांकडे आणि वाडीतल्या काही घरांत असे बॉक्स लावून दिलेत. त्या अनुभवावरून सांगतो, आपल्याकडे डिस्ट्रो सगळ्यात शेवटी ठरतो. लाईट गेली आणि आली की बॉक्स कुणी हात न लावता पुन्हा उभा राहिला पाहिजे, नेट नसतानाही चालला पाहिजे, आणि तुमच्या आईला हातातल्या एका रिमोटवर सगळं मिळालं पाहिजे. या तीन गोष्टी जमल्या तरच तो वापरात राहतो. नाहीतर तुम्ही मुंबईला परतलात की त्यावर कापड पडतं.

आधी तुमच्या डेस्कटॉपचं. तो वापरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये एच.२६४ हा जुना व्हिडिओ प्रकार हार्डवेअरवर डीकोड होतो, म्हणजे प्रोसेसरवर भार न टाकता उलगडतो, पण एचईव्हीसी हा नवा प्रकार होत नाही. दहा-बिट एचईव्हीसी नीट यायला सातवी पिढी लागते आणि त्याहून नव्या एव्ही१ ला अकरावी. तरी हे कारण दुय्यम आहे. खरं कारण वीज. असा डेस्कटॉप नुसता चालू ठेवला तरी पन्नासेक वॉट खातो, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) मिळून पाच वॉटच्या आसपास राहतात, म्हणजे साडेतीन-चार युनिट. शिवाय डेस्कटॉपचा पंखा बाहेरची खारी हवा आत ओढत राहतो. समुद्राजवळच्या घरात दोन पावसाळ्यांनंतर कॅबिनेट उघडून बघा. रॅमच्या पट्टीचे पाय काळपट, मदरबोर्डवर हिरवट डाग, आणि पॉवर सप्लायमध्ये मुंग्यांनी केलेलं घर हमखास सापडतं.

म्हणून रास्पबेरी पाय ४ किंवा ५ घ्या. पाय ४ वर १०८० चं एच.२६४ आणि ४के एचईव्हीसी दोन्ही हार्डवेअरवर चालतात. पाय ५ मधून एच.२६४ चा हार्डवेअर डीकोडर काढून टाकला आहे, पण त्याचा प्रोसेसर इतका तगडा आहे की १०८० ला काही अडत नाही. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचे छोटे मिनी पीसीही चांगले आहेत, एव्ही१ आणि व्हीपी९ सुद्धा आरामात चालवतात. तरी आई-बाबांसाठी मी पायच सांगेन, आणि त्याचं कारण रिमोट आहे. पायच्या एचडीएमआयमधून सीईसी सरळ मिळतं, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटची बाणांची बटणं बॉक्सवर चालतात. बहुतेक मिनी पीसींत ही सोय नसते, वेगळा यूएसबी अडॅप्टर किंवा इन्फ्रारेड रिसीव्हर लावावा लागतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी हा शब्द शोधत बसू नका. सॅमसंगमध्ये ते ॲनीनेट प्लस असतं, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. कधी कधी ते मुळातच बंद ठेवलेलं असतं.

पायची एक अट आहे. पॉवर अडॅप्टर त्याचाच हवा, मोबाईलचा चार्जर चालणार नाही. पाय ५ ला पाच व्होल्ट, पाच ॲम्पियरचा अडॅप्टर नसेल तर तो सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिॲम्पियर देतो. त्यावर फिरती हार्ड डिस्क लावली की सिनेमा मध्येच थांबतो, डिस्क गायब होते, आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. एसएसडी लावा, सिस्टमही त्याच्यावरूनच बूट करा. मेमरी कार्डावर चालणारी सिस्टम आपल्याकडच्या लाईटीच्या ये-जा मध्ये फार दिवस टिकत नाही.

आता वीज. पहिल्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडली की दोन दिवस लाईट नाही, हे तुम्हाला सांगायला नको. निसर्ग वादळानंतर २०२० मध्ये रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली किती गावं त्याहून कितीतरी जास्त काळ अंधारात होती. पण उपकरणं मरतात ती अंधारात नाही. लाईट दहा मिनिटांत चार वेळा येते-जाते आणि व्होल्टेज खालीवर होतं, तेव्हा मरतात. घरात इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये तो कमी-जास्त व्होल्टेज तसंच पुढे सोडतो आणि बॅटरीवर जायलाही वेळ घेतो, तेवढ्यात पाय रीस्टार्ट होतो. शक्य असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर. बॉक्स, टीव्ही आणि राउटर तिन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या.

आकाशातल्या विजेचा मार सगळ्यात जास्त दोन वेळा बसतो, मे अखेर ते मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत आणि पुन्हा परतीच्या पावसात. भर आषाढ-श्रावणात पाऊस धो धो असतो, पण कडकडाट कमी. त्या दोन काळांत आई-बाबांनी एक सवय लावून घ्यावी: गडगडायला लागलं की टीव्हीचा प्लग काढायचा, आणि डिशची वायरही सेटटॉप बॉक्सपासून सोडायची. लोक प्लग काढतात आणि छपरावरून आलेली ती जाड केबल तशीच ठेवतात. वीज तिथून टीव्हीत, टीव्हीतून एचडीएमआयने बॉक्समध्ये येते. अर्थिंगही एकदा वायरमनकडून मोजून घ्या. सड्यावरचं घर असेल तर जांभा उन्हाळ्यात खणखणीत कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मे महिन्यात खड्ड्यात पाणी ओतत राहणं हा जुना उपाय आहे, आणि तो बरोबर आहे.

दमट हवेवर उपाय सोपा आहे: बॉक्स बंद करू नका. चालू असलेल्या पायची जी थोडीशी ऊब असते, तीच त्याला कोरडं ठेवते. पंख्याऐवजी ॲल्युमिनियमची अशी केस घ्या की जी स्वतःच उष्णता बाहेर टाकते. बॉक्स टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवून ठेवू नका, पावसाळ्यात चिऱ्याची भिंत पाझरते. चार बोटं जागा सोडा. मोकळ्या यूएसबी आणि एचडीएमआय पोर्टांत रबरी टोपणं घाला. त्याने गंज कमी होतो आणि पालीही आत शिरत नाहीत.

एवढं झालं की डिस्ट्रो. लिब्रेईएलईसी टाका. कोडी हा सिनेमे-फोटो टीव्हीवर दाखवणारा प्रोग्राम चालवणं एवढंच काम असलेली ही लिनक्स प्रणाली आहे, २०१६ मध्ये ओपनईएलईसीपासून वेगळी झाली. कोडी म्हणजे पूर्वीचं एक्सबीएमसी, हे जुन्या लोकांना आठवत असेल. डेबियन या सर्वसाधारण लिनक्सवर कोडी लावता येतं आणि मला स्वतःला डेबियन आवडतं, पण इथे लिब्रेईएलईसीचा एक गुण निर्णायक आहे. तिची मूळ सिस्टम एकाच दाबलेल्या, फक्त वाचण्यापुरत्या फाइलमध्ये असते. भसकन लाईट गेली तरी त्या फाइलवर काही लिहिलं जात नसतं, म्हणून सिस्टम बिघडत नाही. तुमची सेटिंगं आणि डेटा वेगळ्या भागात राहतात. अपडेट मात्र मॅन्युअलवर ठेवा. तुम्ही मुंबईत असताना गावचा पडदा अचानक बदललेला कुणालाच नको.

डेटाची डिस्क एक्स्ट४ (लिनक्सची फाइली ठेवण्याची पद्धत) मध्ये फॉरमॅट करा आणि तिला लेबल द्या. लिब्रेईएलईसी डिस्क त्या लेबलाच्या नावानेच जोडते, त्यामुळे पोर्ट बदलला तरी लायब्ररी शाबूत राहते. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, तेव्हा लाईट गेल्यावर फाइली हरवण्याची भीती तिथे जास्त. फाइलींना मराठी नावं खुशाल द्या, फक्त एक्स्ट४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. ‘थोरल्या काकांच्या मुलीच्या लग्नातली सीमांतपूजनापासून वरातीपर्यंतची कॅसेट’ एवढं नाव त्यात बसतं, पण पुढे वऱ्हाडाची यादी जोडायला जाऊ नका. आधी दोन-चार फोल्डरांना मराठी नावं देऊन टीव्हीवर जोडाक्षरं नीट दिसतात का ते बघा, मग बाकीची बदला. वर्ष नेहमी आधी लिहा.

घरगुती व्हिडिओंच्या फोल्डरला कोडीमध्ये कुठलाही स्क्रेपर (नेटवरून माहिती-पोस्टर आणणारा भाग) लावू नका, प्रकार ‘नन’ ठेवा. नाहीतर कोडी ‘लग्न’ हा शब्द घेऊन इंटरनेटवर शोधायला जातं आणि आजीच्या व्हिडिओवर भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटवतं. सिनेमांना स्क्रेपर ठीक आहे. पण माहिती आणि पोस्टर प्रत्येक फोल्डरमध्ये फाइल म्हणून एक्स्पोर्ट करून ठेवा, म्हणजे उद्या सिस्टम नव्याने टाकावी लागली आणि तेव्हा नेट नसलं तरी अडत नाही.

व्हीसीडींबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण २००० च्या आसपासची आपल्याकडची लग्नं, मुंजी, सत्यनारायण सगळं त्यातच अडकलंय. लिनक्सवर व्हीसीडी घालून त्यातली डॅट फाइल सरळ कॉपी करायला गेलं की एरर येते, आणि लोक समजतात डिस्क गेली. बहुतेक वेळा डिस्क गेलेली नसते. व्हीसीडीवरचा व्हिडिओ वेगळ्या पद्धतीच्या सेक्टरांत लिहिलेला असतो, त्यात चूक-दुरुस्तीची जागाही व्हिडिओसाठीच वापरलेली असते, म्हणून साधी कॉपी चालत नाही. व्हीसीडीइमेजर हे पॅकेज घ्या, त्यातला व्हीसीडीएक्सरिप हा प्रोग्राम प्रत्येक ट्रॅक एमपीजी फाइल म्हणून नीट बाहेर काढतो. ३५२ बाय २८८ एवढंच चित्र असतं. ते मोठं करून पुन्हा एन्कोड करण्याच्या फंदात पडू नका. मूळ एमपीजी तशीच ठेवा, कोडी ती चालवतं. खरोखर ओरखडे असलेल्या डिस्क दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर लावून बघा. एकावर न वाचलेली दुसऱ्यावर वाचते, हे मी अनेकदा पाहिलंय.

कॅसेटचं काम घरी करू नका. कोकणात ठेवलेल्या व्हीएचएसवर पांढरी बुरशी असतेच. टॉर्च मारून खिडकीतून रिळाची कड बघा. बुरशीची कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की हेड खराब होतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती लागते. साफ करून डिजिटल करणाऱ्याकडे द्या आणि देताना दोन गोष्टी बजावून सांगा: आपल्या कॅसेट पॅल (भारतातल्या जुन्या टीव्हीची पद्धत) आहेत, तेव्हा ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम असंच हवं, आणि इंटरलेस (एकाआड एक ओळींनी बनलेलं चित्र) तसंच राहू द्यायचं. डीइंटरलेस कोडी चालवताना करतं. बऱ्याच ठिकाणी सरसकट ६४० बाय ४८० करून पेन ड्राइव्हवर देतात, त्यात चित्राच्या ओळी कायमच्या जातात. ज्या कॅसेटमध्ये आता हयात नसलेल्या माणसांचा आवाज आहे त्या आधी द्या. रील एकदा चिकटून फाटलं की मागे जायला वाट नाही.

कोडीत आई-बाबांसाठी सेटिंग फार नाहीत. स्किनच्या (कोडीच्या पडद्यावरच्या रूपाच्या) मुख्य मेनूतून नको असलेल्या सगळ्या गोष्टी बंद करा. व्हिडिओ, चित्रं आणि फेव्हरिट्स पुरेत. ऑडिओ २.० चॅनेलवर ठेवा. तरी संवाद बारीक वाटले तर सिनेमा चालू असताना ऑडिओ सेटिंगमध्ये आवाज थोडा वर ॲम्प्लिफाय करून तेच सगळ्यासाठी डिफॉल्ट करा. रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलू द्या, जुन्या २५ फ्रेमच्या व्हिडिओतली थरथर त्याने जाते. सबटायटल मोठी.

नेटफ्लिक्स, प्राइम वगैरे या बॉक्सवर आणायचा हट्ट सोडा. लिनक्सला त्यांची खालच्या दर्जाची परवानगीच मिळते, चित्र कमी प्रतीचं येतं, आणि एखाद्या अपडेटने ते बंद पडलं की फोन तुम्हालाच. त्यासाठी टीव्हीतली ॲप्स आहेत.

गणपतीतल्या मोबाईलसाठी वेगळा सर्व्हर नको. लिब्रेईएलईसीमध्ये सांबा (नेटवर्कवर फाइली वाटणारी सोय) असतोच, तो चालू करा. पोरांनी मोबाईलवर व्हीएलसी टाकलं की लोकल नेटवर्कमध्ये डिस्क दिसते, बाहेरचं नेट नसलं तरी. सांबाला पासवर्ड लावा आणि कुटुंबाचे फोल्डर फक्त वाचण्यापुरते ठेवा, म्हणजे कुणाच्या हातून काही पुसलं जाणार नाही. चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय एका खोलीपलीकडे जात नाही. माजघरातून पडवीपर्यंत एक कॅट६ केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. पावसाळ्याआधीच करून घ्या, नंतर छपरावर कुणी चढत नाही.

सगळ्याची एक पूर्ण प्रत मुंबईत ठेवा. दर खेपेला डिस्क नेऊन आरसिंकने (फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) ताजी केली तरी पुरे. एकाच घरात दोन प्रती म्हणजे बॅकअप नाही, पाणी आणि वीज दोन्हींना सारखीच गाठते.

टीव्हीचा मॉडेल नंबर आणि त्याला किती एचडीएमआय आहेत ते इथे लिहा, सीईसीचं नक्की सांगतो. व्हीसीडी किती आहेत आणि चंदेरी थर कुठे सोलला आहे का, तेही बघून कळवा. सोललेल्या डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नका, त्यांचं वेगळं बघू.