पहिली पैठणी घेताय? जरा दमानं घ्या

लग्न तोंडावर आलंय म्हणून घाईत पैठणी घेऊ नका. हातमागावर ती विणायला काही आठवडे लागतात, पदर भरगच्च असेल तर कित्येक महिने. निवडताना आपणही वेळ द्यावा, असं मला मनापासून वाटतं. जमलं तर येवल्याला जा, माग चालताना बघा.

दुकानात आधी पदर उलटा करून पाहा. हाताने विणलेला मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रावरच्या साडीत मागे सुटे किंवा कापलेले धागे असतात. साडीवरचं ‘सिल्क मार्क’ हे लेबल शुद्ध रेशमाची खात्री देतं, हातमागाची नाही, हे बरेच जण विसरतात. जरीत खरी चांदी आहे का, ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. किमतीत मोठा फरक पडतो तो तिथेच.

हप्त्यांवर घेण्यापेक्षा दरमहा थोडे पैसे बाजूला टाका. तोवर तोच रंग मनात राहिला तर खुशाल घ्या. सगळ्यांकडे बांगडी मोर (बांगडीसारख्या गोलातल्या मोरांची नक्षी) आहे म्हणून तुम्हालाही हवाच असं नाही. नारळी काठाची, छोट्या पदराची पैठणी कितीतरी जास्त वेळा नेसली जाते. घरी मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा, अधूनमधून घडी बदला.