जन्मतः बारीक असलेल्या नातवाला आता गुबगुबीत करावं का?

नातू सव्वादोन किलोचा जन्मला, आता चार वर्षांचा आहे आणि ‘अंगानं भरू दे’ म्हणून तुम्ही रोज चहाबरोबर बिस्किटांचा पुडा देता. काकू, तेवढं थांबवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं १९९३ पासून जवळच्या सहा गावांत अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडा-स्नायूंनी बारीक, पण पाठीवरची त्वचेखालची चरबी जवळपास तेवढीच! अशी मुलं पुढं भराभर जाड झाली की मोठेपणी मधुमेहाचा धोका वाढतो. दंड काडीसारखे नि पोट पुढं, असं दिसतंय का बघा. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजून घ्या. कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईतनं मेथी, पोकळा आणा, अंडं द्या. गंगावेशीतलं धारोष्ण दूध मात्र त्याला उकळूनच.